कार्ड खाली करताना: मेमरी कार्ड रीडर पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना आत्याला एक पारदर्शक डबी सापडली. आत टपालाच्या तिकिटापेक्षाही लहान असं काळं कार्ड होतं. "अरे, यात आण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो असणार बघ. कॅमेरा कधीच भंगारात गेला, हे तेवढं राहिलंय," म्हणत तिनं ते माझ्या तळहातावर ठेवलं. कार्डावर 'एक्सडी' अशी अक्षरं होती. तसली खाच माझ्या लॅपटॉपला नाहीच. मग ड्रॉवरमधून सगळ्या प्रकारची कार्डं घेणारा जुना रीडर, म्हणजे कार्ड घालून कॉम्प्युटरला जोडायचं छोटं उपकरण, शोधून काढला आणि थोड्याच वेळात दिव्यांच्या ताटासमोर बसलेले आण्णा स्क्रीनवर आले. आत्या बराच वेळ काही बोललीच नाही.

त्या फोटोंची दुसरी प्रत कुठेही नव्हती. रीडर हातात घेतला की मला आधी हेच आठवतं. लग्न असो, बारसं असो की मुलाच्या शाळेचं गॅदरिंग, कार्ड खाली होईपर्यंत, म्हणजे फोटो कॉम्प्युटरवर उतरेपर्यंत, ते त्या एवढ्याशा तुकड्यावरच असतात. रीडर चालवणं अवघड नाही. पण फोटो जातात ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर, घाईत. म्हणून पुढचं सगळं सावकाश सांगतो.

कार्ड कोणतं आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त दिसतं ते एसडी कार्ड. ३२ मिमी लांब, २४ मिमी रुंद, एक कोपरा तिरका कापलेला आणि कडेला सरकणारा छोटा खटका. मोबाइल, ड्रोन आणि घरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यात असतं ते मायक्रोएसडी, १५ बाय ११ मिमी, हातातून निसटलं तर फरशीवर शोधत बसावं लागतं.

एसडी कार्डावरची पुढची अक्षरंही वाचा. नुसतं 'एसडी' म्हणजे २ जीबीपर्यंत, 'एसडीएचसी' ३२ जीबीपर्यंत आणि 'एसडीएक्ससी' त्याच्या पुढे २ टीबीपर्यंत. नवा रीडर जुनं कार्ड वाचतो, उलट मात्र होईलच असं नाही. एसडीएचसी आलं २००६ साली. त्याआधीच्या रीडरला ते कळत नाही आणि कार्ड बिघडलंय असा आपला उगाच समज होतो. अशा वेळी कार्डाला दोष देण्याआधी दुसऱ्या रीडरमध्ये घालून बघा.

जाड, चौकोनी आणि एका कडेला बारीक भोकांच्या दोन रांगा दिसणारं कार्ड म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश, स्टुडिओवाल्यांच्या भाषेत 'सीएफ'. हे १९९४ पासून आहे आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या जुन्या डीएसएलआरमध्ये वर्षानुवर्षं हेच चाललं. सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांत मेमरी स्टिक असते, आधी लांब आणि नंतर आखूड 'ड्युओ'. एक्सडी हे ऑलिंपस आणि फुजीफिल्मनं २००२ साली आणलेलं कार्ड. आता कोणताही नवा कॅमेरा ते घेत नाही. असली कार्डं घरात असतील तर ती खाली करण्याचं काम पुढे ढकलू नका, कारण ती वाचणारे रीडरही बाजारातून कमी होत चाललेत.

अलीकडच्या महागड्या कॅमेऱ्यांत सीएफएक्स्प्रेस नावाचं कार्ड येतं. नावात सीएफ असलं तरी ते सीएफच्या खाचेत बसत नाही. त्याला वेगळाच रीडर लागतो.

रीडर घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर दुकानदार एका दमात दहा रीडर पुढ्यात मांडेल. त्यातून निवडताना बघायचं ते वेग आणि कॉम्प्युटरच्या पोर्टात जाणारं तोंड.

यूएसबी २.० चा रीडर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ३० एमबी वेगानं डेटा उतरवतो. या हिशेबानं ६४ जीबीचं भरलेलं कार्ड खाली व्हायला पस्तीस मिनिटं जातात. यूएसबी ३.० चा रीडर आणि सेकंदाला ९० एमबी देणारं कार्ड असेल तर तेच काम बारा मिनिटांत होतं. मात्र यूएसबी ३.० चा रीडर २.० च्या पोर्टात खोचला तर वेग २.० चाच मिळणार. ३.० चं पोर्ट बहुधा आतून निळं असतं. लॅपटॉपला फक्त टाईप-सी पोर्ट असतील तर दोन्ही तोंडांचा रीडर घ्या, तो अँड्रॉइड फोनलाही लावता येतो. फक्त जुनी कार्डं वाचायची असतील तर २.० चा साधा रीडर पुरतो. जुनी कार्डं स्वतःच संथ असतात, महाग रीडरनं ती पळत नाहीत.

ज्या एसडी कार्डाच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांच्या दोन रांगा आहेत ते यूएचएस-२ जातीचं. ते साध्या रीडरमध्येही चालतं, पण त्याचा खरा वेग मिळवायचा तर रीडरही यूएचएस-२ हवा.

जोडणी

आधी रीडर कॉम्प्युटरला जोडा, मग कार्ड घाला. वेगळा ड्रायव्हर किंवा सीडी लागत नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिघंही रीडरला पेनड्राइव्हसारखंच ओळखतात. रीडर शक्यतो थेट कॉम्प्युटरलाच लावा. एका यूएसबी हबवर माउस, कीबोर्ड, हार्डडिस्क आणि रीडर असे सगळे एकत्र लावले की वीज पुरत नाही आणि कॉपी अर्ध्यावर तुटते. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टापेक्षा मागचं जास्त भरवशाचं.

आता कार्ड. प्रत्येक खाचेशेजारी कार्डाचं नाव आणि बहुधा एक बारीक चित्रही असतं. चित्रात कापलेला कोपरा ज्या बाजूला दाखवलाय त्याच बाजूला कार्डाचा कोपरा ठेवा. लेबल वर की खाली हे रीडरगणिक बदलतं, त्यामुळे सवयीवर जाऊ नका. काही खाचांत एसडी कार्ड 'टक्' आवाज करून आत बसतं, स्वस्त रीडरमध्ये ते अर्धं बाहेरच राहतं. दोन्ही बरोबर आहे. अर्धं बाहेर दिसतंय म्हणून आणखी दाबू नका.

सीएफच्या बाबतीत जास्त जपावं लागतं. त्या खाचेत मोबाइलचा टॉर्च मारून एकदा आत बघा. टाचणीपेक्षाही बारीक अशा ५० पिना दोन रांगांत उभ्या दिसतील. कार्ड सरळ गेलं तर प्रत्येक पिन आपापल्या भोकात जाते. तिरकं गेलं आणि वर जोर लावला तर एखादी पिन वाकते. मग रीडर तर जातोच, शिवाय वाकलेली पिन शेजारच्या पिनेला टेकली तर कार्डालाही धोका. कार्डाच्या दोन कडांवरच्या खाचा कमी-जास्त रुंद केलेल्या आहेत, त्या उलटं कार्ड अडवण्यासाठीच. म्हणून कार्ड दोन बोटांत आडवं सपाट धरा आणि अंगठ्यानं हळू सरकवा. मध्येच अडलं तर बाहेर काढा, टॉर्च मारून बघा आणि पुन्हा घाला. मी आजही प्रत्येक वेळी आधी टॉर्च मारतो.

मायक्रोएसडीसाठी रीडरमध्ये स्वतंत्र खाच असेल तर तीच वापरा. नसेल तर ते एसडीच्या आकाराच्या अडॅप्टरमध्ये घालून लावा, आणि काढताना अडॅप्टरसकट बाहेर काढा. अडॅप्टर आत ठेवून चिमटीनं नुसतं मायक्रोएसडी ओढणं हे नवीन माणसाकडून हमखास होतं.

एका वेळी एकच कार्ड घाला. बऱ्याच रीडरमध्ये एसडी आणि मायक्रोएसडीच्या खाचा आतून एकाच वाटेनं जोडलेल्या असतात, दोन्ही भरल्या तर एकच कार्ड दिसतं आणि दुसरं बिघडलं असं वाटतं.

कार्ड कुठे दिसतं?

विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि 'ई' एकत्र दाबा. 'धिस पीसी'मध्ये सी, डी यांच्या खाली नवीन ड्राइव्ह दिसेल. जुन्या कॉम्प्युटरवर रीडर लावताच चार-पाच ड्राइव्ह एकदम दिसतात, प्रत्येक खाचेचा एक. त्यातल्या रिकाम्या ड्राइव्हवर क्लिक केलं की 'डिस्क घाला' असा निरोप येतो. तो काही बिघाड नाही, पुढचा ड्राइव्ह उघडा. मॅकवर कार्ड फाइंडरच्या डाव्या पट्टीत दिसतं, लिनक्सवर फाइल मॅनेजरमध्ये.

६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ५९ जीबीच्या आसपास दिसतं. दुकानदारानं फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

आत 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर असतो. फोटो त्याच्या पोटातल्या १०० या आकड्यानं सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये असतात. व्हिडिओचं मात्र नीट बघा. सोनीसारख्या कंपन्यांचे कॅमेरे व्हिडिओ 'प्रायव्हेट' नावाच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये, आणखी दोन-तीन पायऱ्या खाली ठेवतात. फक्त डीसीआयएम उचलला, कार्ड पुसलं आणि मंगलाष्टकांचा सगळा व्हिडिओ गेला, असं घडलेलं मी पाहिलंय. तेव्हापासून मी निवडत बसत नाही, कार्डावर जे काही आहे ते सगळं फोल्डरांसकट उचलतो.

डेटा उतरवणं

कॉम्प्युटरवर आधी फोल्डर करा. नावात तारीख आधी, वर्षापासून: '२०२५-११-२३ मुंज कार्ड १'. अशी नावं आपोआप क्रमानं लागतात. प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर हवाच. कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतात आणि दोन कॅमेऱ्यांच्या फोटोंना सारखीच नावं असू शकतात. सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकायला गेलात की विंडोज विचारतं, 'रिप्लेस करू?' घाईत 'हो' म्हटलं की पहिल्या कार्डावरचा फोटो दुसऱ्यानं पुसला जातो.

कार्डावरचं सगळं निवडायला कंट्रोल-ए, कॉपीला कंट्रोल-सी, नव्या फोल्डरमध्ये कंट्रोल-व्ही. कट कधीही वापरू नका. कट करताना वीज गेली, लॅपटॉप झोपला किंवा वायर हलली तर काही फाइली इकडे, काही तिकडे आणि एखादी अर्धवट अशी अवस्था होते. कॉपी तुटली तर नुकसान काही नाही, पुन्हा करायची. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून लॅपटॉप चार्जिंगला लावूनच सुरुवात करा. कॉपी चालू असताना रीडरवरचा दिवा लुकलुकतो. तोवर रीडरला हात लावायचा नाही.

कॉपी संपली म्हणजे काम संपलं असं नाही. कार्डावरचं सगळं निवडून उजवं क्लिक, मग 'प्रॉपर्टीज'. तसंच नव्या फोल्डरमध्ये आत जाऊन तिथलंही सगळं निवडून. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळते का ते पाहा, आणि 'साइज'पुढचे बाइट्स शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतात का तेही. खाली 'साइज ऑन डिस्क' अशी आणखी एक ओळ असते, ती जुळेलच असं नाही आणि जुळायची गरजही नाही. मग पहिला, शेवटचा आणि मधले चार-पाच फोटो उघडा, मोठे करून बघा. व्हिडिओ असेल तर शेवटाकडे सरकवून चालवा. अर्धवट आलेली फाइल तिथेच पकडली जाते.

यानंतर तोच फोल्डर दुसऱ्या हार्डडिस्कवर कॉपी करा. प्रत दुसऱ्या यंत्रावरच हवी, एकाच लॅपटॉपच्या सी आणि डी ड्राइव्हवर ठेवलेल्या दोन प्रती एकाच डिस्कवर असतील तर दोन्ही एकदमच जातात. दोन ठिकाणी फोटो उघडलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी सांगतो आणि शेवटच्या दिवशी पुन्हा.

कार्ड बाहेर काढताना

विंडोजमध्ये त्या ड्राइव्हवर उजवं क्लिक करून 'इजेक्ट', मॅकवर नावाशेजारचं बाणाचं चिन्ह, लिनक्सवरही तसंच. मग दिवा शांत झाला की कार्ड काढा. 'ड्राइव्ह वापरात आहे' असा निरोप आला तर कुठेतरी त्यातला एखादा फोटो उघडा राहिलेला असतो, तो बंद करून पुन्हा इजेक्ट करा. तरीही सोडत नसेल तर कॉम्प्युटर शटडाऊन करून मग कार्ड काढा. नुसता स्लीपवर टाकून नाही.

'फॉरमॅट करू का?' असं विचारलं तर

कार्ड घातलं आणि स्क्रीनवर आलं की वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल. खाली ठळक बटण. नवीन माणसाला वाटतं, कॉम्प्युटर सांगतोय म्हणजे करायला हवं. 'कॅन्सल' दाबा. त्या निरोपाचा अर्थ एवढाच, की या कॉम्प्युटरला या रीडरमधून हे कार्ड वाचता आलं नाही. फोटो बहुतेक वेळा जागेवरच असतात.

कार्ड बाहेर काढा आणि सोनेरी पट्ट्या बघा. कोकणात आणि मुंबईत दमट हवेनं त्यांवर काळपट थर धरतो. कोरड्या मऊ कापडानं, नाहीच निघाला तर कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून पुसा, पूर्ण वाळू द्या. मग दुसरं पोर्ट, दुसरा रीडर, दुसरा कॉम्प्युटर या क्रमानं करून पाहा. कॅमेऱ्यात घालून फोटो दिसतात का तेही बघा. दिसत असतील तर कॅमेराच वायरनं कॉम्प्युटरला जोडून फोटो उतरवा.

कार्ड अँड्रॉइड फोनमधलं असेल तर एक वेगळीच शक्यता आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडता येतं. तसं केलं की त्यावरचा मजकूर त्या फोनपुरता कुलूपबंद होतो आणि कोणत्याही रीडरमध्ये तो वाचता येत नाही. असं कार्ड परत त्याच फोनमध्ये घाला आणि फोटो फोनमधूनच काढा. फॉरमॅट केलं किंवा आधी फोनच रीसेट केला तर ते फोटो परत मिळत नाहीत.

चुकून फॉरमॅट झालंच किंवा फोटो डिलीट झाले, तर त्या कार्डावर यापुढे एकही नवा फोटो काढू नका. कार्डावरून डिलीट केलेलं विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, तिथे शोधू नका. एसडी असेल तर कडेचा खटका लॉककडे सरकवा आणि 'फोटोरेक' हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. सापडलेले फोटो त्याच कार्डावर नाही, कॉम्प्युटरवर साठवायचे. जुनी नावं परत येत नाहीत, फोटो मात्र बरेचदा येतात.

कधी उलट होतं: कार्ड दिसतं, फोटो दिसतात, पण काही लिहिता किंवा पुसता येत नाही, 'राइट प्रोटेक्टेड' असं येतं. तो खटका लॉकवर गेलाय, उलट दिशेला सरकवा. मायक्रोएसडी असेल तर अडॅप्टरचा खटका बघा. खटका तुटून पडला असेल तर रीडर कार्ड लॉक आहे असंच समजू शकतो. खटक्याच्या जागी सेलोटेपचा एवढासा तुकडा चिकटवला की काम भागतं. तो खटका कार्डाच्या आतल्या कशालाही जोडलेला नसतो, रीडर फक्त तो कुठे आहे हे चाचपून बघतो.

हाच खटका मी मुद्दाम वापरतो ते प्रिंटसाठी कार्ड बाहेर देताना. एकदा एका फोटो लॅबमधून कार्ड परत आलं आणि सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट. व्हायरसनं खरे फोल्डर लपवले होते. शॉर्टकटवर क्लिक न करता फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय सुरू केला, 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' लपवण्याची टिक काढली आणि सगळं दिसलं. फोटो वाचले, पण तो अर्धा तास विसरत नाही. आता बाहेर कार्ड देताना खटका लॉकवर, आणि शक्यतो मूळ कार्ड नाहीच, हवे तेवढे फोटो टाकलेला पेनड्राइव्ह.

कार्ड पुन्हा वापरायला घेताना

दोन ठिकाणी प्रती झाल्या, उघडून पाहिल्या, मगच कार्ड मोकळं करा, आणि तेही कॅमेऱ्यात. कॅमेऱ्याच्या मेनूमधलं फॉरमॅट त्याला हवी तशी फोल्डरांची मांडणी करून घेतं. मॅकवर फोटो नुसते ट्रॅशमध्ये टाकले तर ते कार्डावरच एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहतात. कार्ड रिकामं दिसतं, पण कॅमेरा सांगतो जागा नाही.

रिकामी आणि भरलेली कार्डं बॅगेत मिसळू नयेत म्हणून आम्ही साधा नेम ठेवलाय. डबीत रिकामं कार्ड लेबल वर करून, भरलेलं पालथं. आत्याचं एक्सडी कार्ड मी पुसलं नाही. फोटो आता तिच्या मुलाच्या लॅपटॉपवर आणि माझ्या हार्डडिस्कवर आहेत, आणि कार्ड त्याच पारदर्शक डबीत, पालथं घालून, तिच्याच कपाटात परत ठेवलंय.